शेतघराची प्रेशर टाकी: हवा किती, पाणी किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतावरचं दोन मजली घर, शेजारी गुरांचा गोठा. विहिरीत १ अश्वशक्तीचा सबमर्सिबल पंप. पाणी कधी १० मीटरवर असतं, कधी २२ मीटरपर्यंत खाली जातं. आजवर गच्चीवरच्या टाकीतून पाणी यायचं, पण वरच्या मजल्यावरचा शॉवर नुसता ठिबकायचा. म्हणून २४ लिटरची प्रेशर टाकी आणि ३०/५० चा प्रेशर स्विच (दाब ३० ला आला की मोटर चालू, ५० ला बंद) बसवला. दाब आता छान मिळतो, पण नळ सुरू असेपर्यंत मोटर दर मिनिटाला चालू-बंद होत राहते. मोठी टाकी घ्यावी का, किती लिटरची, तिच्यात हवा किती भरायची, जोडणी कशी करायची, आणि गोठ्यामागे पडून असलेली जुनी लोखंडी टाकी चालेल का, हे विचारलं आहे.

मोठी टाकी घ्याच. मात्र ती पाण्याचा साठा म्हणून घेऊ नका. प्रेशर टाकी असते मोटरला विसावा द्यायला. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे आकडे आपोआप जागेवर पडतात.

पाणी दाबलं तरी दबत नाही, हवा दबते. टाकीचं सगळं काम या एका फरकावर चालतं. लोखंडी कवचाच्या आत रबरी पिशवी असते, तिला आम्ही फुगाच म्हणतो. फुग्यात पाणी, बाहेर हवा. मोटर पाणी आत रेटते तसा फुगा फुगतो आणि हवा आकसते. ५० पीएसआय (दाबाचं एकक, दर चौरस इंचाला पाउंड) झाले की स्विच मोटर बंद करतो. त्यानंतर तुम्ही नळ उघडता तेव्हा मोटर गप्प असते, ती दबलेली हवाच पाण्याला बाहेर ढकलत असते. दाब ३० वर आला की मोटर पुन्हा सुरू. ५० वरून ३० वर येईपर्यंत जेवढं पाणी निघालं तेवढीच त्या टाकीची खरी कमाई; त्याला ड्रॉडाउन म्हणतात. टाकीवर छापलेले लिटर म्हणजे कवचाचं आकारमान, हाती येणारं पाणी नव्हे.

हिशेब शाळेतल्या बॉईलच्या नियमाचा आहे (दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं), १६६२ सालचा, आणि आजही टाकीचा आकार ठरवताना तोच वापरतात. गेजवरच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे आणि मग गुणोत्तर काढायचं, एवढीच त्यातली मेख. रिकाम्या टाकीत २८ पीएसआय हवा असेल तर ३०/५० च्या स्विचवर एकूण आकारमानाच्या सुमारे २९ ते ३० टक्के पाणी मिळतं. २०/४० वर (हवा १८) साधारण ३४ टक्के, ४०/६० वर (हवा ३८) जेमतेम २६ टक्के. दाब जितका वर न्याल तितकं त्याच टाकीतून कमी पाणी मिळणार.

आता तुमची २४ लिटरची टाकी घेऊ. ३०/५० वर तिच्यातून ७ लिटर मिळतात. तुमचा पंप मिनिटाला ४० लिटर देतो असं धरू (मोजायचं कसं ते पुढे सांगतो). भांड्यांच्या सिंकचा नळ मिनिटाला १० लिटरने चालू आहे. मोटर बंद असताना ७ लिटर ४२ सेकंदांत संपतात. मोटर लागली की ४० पैकी १० नळातून जातात आणि ३० टाकीत. म्हणजे १४ सेकंदांत टाकी भरून मोटर बंद. ५६ सेकंदांचा एक फेरा, तासाला ६४ वेळा चालू. तुम्ही जे ‘दर मिनिटाला’ म्हणता ते हेच. टाकीत बिघाड नाही, ती लहान आहे इतकंच.

वापर पंपाच्या क्षमतेच्या बरोबर निम्मा असतो तेव्हा हाल सर्वांत जास्त होतात. बागेचा पाईप अर्धवट उघडून मिनिटाला २० लिटर घेतलेत तर २१ सेकंद बंद, २१ सेकंद चालू, आणि तासाला ८५ च्या वर फेरे. उलट तोच पाईप पूर्ण उघडून ४० लिटर घेतलेत तर मोटर एकदा लागते आणि चालूच राहते, तिला काही त्रास नाही. ‘पाणी कमी वापरलं तर मोटरला बरं’ असं वाटतं, पण या बाबतीत ते खरं नाही. गोठा धुवायचा तर धडाक्यात धुवा.

वारंवार चालू होण्यात वाईट काय, तर सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्या झटक्याची उष्णता वाइंडिंगमध्ये साठते आणि ती वाहून जायला मोटर काही वेळ सलग चालावी लागते. म्हणून आमच्याकडे ठोकताळा असा, की लहान मोटर एकदा लागली की निदान १ मिनिट चालली पाहिजे, दीड अश्वशक्ती आणि त्यापुढची असेल तर २ मिनिटं. पंपासोबतच्या पुस्तिकेत दिवसाला किती वेळा चालू केलेला चालतो ते दिलेलं असेल तर तो आकडा माझ्या ठोकताळ्याच्या वर.

यावरून आकार काढणं सोपं आहे. पंप मिनिटाला ४० लिटर देतो, १ मिनिट चालायला हवा, म्हणून ड्रॉडाउन ४० लिटर हवा. ४० ला ०.२९५ ने भागा, १३६ लिटर येतात. तेवढ्या नेमक्या आकाराची टाकी मिळणार नाही, पुढचा आकार म्हणून १५० ची घ्या. तिच्यातून ४४ लिटर मिळतात. मघाच्या त्याच सिंकच्या नळावर मोटर ४ मिनिटं २४ सेकंद बंद आणि ८८ सेकंद चालू राहील, म्हणजे तासाला ६४ ऐवजी १० फेरे. ३०० ची घेतलीत तर आणखी निम्मे. जागा असेल तर घ्या, पण १५० नंतर फरक मोटरला फारसा जाणवत नाही. तो पैसा मी चांगल्या गेजवर आणि व्हॉल्व्हवर खर्च करेन. २४ ची टाकी काढून टाकायची गरज नाही. तिच्यात तेवढीच हवा ठेवून दोन्ही एकाच पाईपवर जोडल्या तर ड्रॉडाउनची बेरीज होते.

पंपाचं पाणी मोजायला नवी साधनं लागत नाहीत. सगळे नळ बंद करा, मोटर बंद होऊ द्या. मग टाकीजवळच्या नळाखाली बादल्या लावून पाणी काढत राहा. मोटर लागली की त्याच क्षणी नळ बंद करा. बादल्यांतलं पाणी म्हणजे ड्रॉडाउन. मोटर लागल्यापासून बंद होईपर्यंतचे सेकंद मोजा. लिटर भागिले सेकंद, गुणिले ६०. पंपाच्या पाटीवरचा आकडा घेऊ नका; तो कमी उंचीला मिळणारा वरचा आकडा असतो, ५० पीएसआयच्या विरुद्ध पंप तेवढं देत नाही. आणि मोजणी विहिरीचं पाणी वर असताना करा, कारण पंप तेव्हाच सर्वांत जास्त फेकतो आणि टाकी त्या वेळीच अपुरी पडते.

याच्याशी जोडलेला एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १० मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे १४.२ पीएसआय. ५० पीएसआय म्हणजे ३५ मीटर. विहिरीचं पाणी २२ मीटरवर गेलं की पंपाला २२ अधिक ३५, म्हणजे ५७ मीटर आणि वर पाईपमधलं घर्षण, एवढं उचलावं लागतं. तुमच्या पंपाचा कमाल हेड (तो जास्तीत जास्त जेवढ्या उंचीला पाणी चढवतो ती उंची) ५५ मीटर असेल तर काय होईल? पाणी १० मीटरवर असताना टाकी बसवली, सगळं झकास चाललं. पुढे पाणी खाली गेलं आणि एके रात्री दाब ४६-४७ वर येऊन अडकला. स्विचला ५० दिसतच नाहीत, मोटर रात्रभर बंद दाराला धक्के देत राहते. मी अशा दोन मोटरी जळालेल्या पाहिल्या आहेत आणि दोन्ही वेळा दोष स्विचला दिला गेला होता. म्हणून आधी पंपाचा कमाल हेड बघा. विहिरीचं पाणी सर्वांत खाली असताना, बंद होण्याच्या दाबापर्यंत पोचूनही त्यातले निदान ८-१० मीटर शिल्लक राहत नसतील तर स्विच २०/४० वर आणा. टाकी तळमजल्यावर असेल तर ७ मीटर वरच्या शॉवरला त्यातले १० पीएसआय कमी मिळतील. ३० ते १० हा दाब डोळे दिपवणारा नाही, पण गच्चीवरच्या टाकीपेक्षा बराच बरा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी शॉवरच्या दोन-तीन मीटर वर असतं, म्हणजे तिथे ३-४ पीएसआयच मिळतात.

आता हवा. टाकी बसवण्यातल्या निम्म्याहून जास्त चुका इथे होतात.

नियम एका ओळीचा आहे: टाकी पूर्ण रिकामी असताना, मोटर ज्या दाबाला चालू होते त्याच्या २ पीएसआय खाली हवा. ३०/५० ला २८, २०/४० ला १८. कारखान्यातून हवा भरून येते, पण तुमच्या स्विचसाठी नाही; कुठल्या तरी ठरावीक आकड्याला भरलेली असते. त्यामुळे नवी टाकी पाईपला जोडण्याआधीच मोजायची. टाकीच्या टोकाला प्लॅस्टिकचं टोपण असतं, त्याखाली गाडीच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व्ह. टायरचा गेज चालतो, भरायला सायकलचा पंपही चालतो. १५० लिटरच्या टाकीला हात भरून येतील एवढंच. कॉम्प्रेसर असेल तर थोडी थोडी भरा, मध्ये थांबून मोजा.

आधीच बसवलेल्या टाकीची हवा मोजायची तर वीज बंद करा, टाकीजवळचा नळ उघडून पाण्याचा गेज शून्यावर आणा आणि नळ उघडाच ठेवून मोजा. हे ‘उघडाच ठेवून’ मी का सांगतो? फुगा लवचिक असतो. टाकीत पाणी असेपर्यंत हवेचा दाब आणि पाण्याचा दाब एकच असतो, त्यामुळे पाणी असताना मोजलं तर तुम्ही पाण्याचाच दाब मोजता, हवेचा भरणा नाही. मी उमेदवारीत असताना नेमकं हेच केलं. वीज बंद केली, पाणी काढलं नाही, गेज लावला तर ४२. मनाशी म्हटलं, कोणीतरी जास्त हवा भरून ठेवली. मग फुस्स करत २८ पर्यंत खाली आणली आणि हात झटकून निघालो. आधी बरोबर २८ हवा होती असं धरलं तरी रिकाम्या टाकीच्या हिशेबाने आत १७-१८ पीएसआयच उरले असतील; आधीच कमी असेल तर १० सुद्धा. १० हवा असलेली १५० लिटरची टाकी ३०/५० वर ४४ ऐवजी २६ लिटर देते, आणि मोटर बंद होते तेव्हा फुग्यात ५१ ऐवजी ९३ लिटर पाणी कोंबलेलं असतं. फुगा रोज जवळपास दुप्पट ताणला जातो. तो काही महिन्यांत फाटला आणि मालकाने फोन केला तेव्हा मला माझंच गणित कळलं.

याच गोष्टीचा एक उपयोगही आहे. टाकीत पाणी भरलेलं असताना टायरचा गेज आणि पाण्याचा गेज सारखाच आकडा दाखवायला हवेत. नसतील तर दोघांतला एक खोटं बोलतो आहे. स्वस्त गेज ३-४ पीएसआय इकडेतिकडे सहज असतात, आणि आपल्याला फक्त २ चा फरक ठेवायचा आहे. स्विच लावताना आणि हवा भरताना निदान एकाच खोटारड्यावर विश्वास ठेवा, म्हणजे दोन्ही आकडे एकाच दिशेने चुकतील.

हवा उलट जास्त झाली तर, समजा ३०/५० ला ३४ भरली, तर शॉवरखाली उभ्या माणसाला आधी कळतं. दाब ३४ वर आला की टाकी रिकामी होते, स्विच मात्र ३० ची वाट बघत असतो. पाणी क्षणभर तुटतं, गेज धाडकन खाली येतो, मोटर लागते, पाणी पुन्हा येतं. दर फेऱ्याला पाण्याला असा आवंढा येत असेल तर दोन-दोन पीएसआय हवा काढून बघा.

जोडणीत नवख्या माणसाचा पहिला गोंधळ म्हणजे ‘टाकीला एकच तोंड कसं? पाणी बाहेर कुठून येणार?’ त्याच तोंडातून. पाईप टाकीतून आरपार जात नाही, टाकी पाईपला बाजूने टी लावून चिकटते. यासाठी पितळेचा पाच तोंडांचा तुकडा मिळतो: तीन मोठी तोंडं पंप, टाकी आणि घरासाठी, दोन बारीक तोंडं गेज आणि स्विचसाठी. तो वापरा, सुटे टी जोडत बसू नका. क्रम असा: विहिरीकडून येणारा पाईप, मग पितळी तुकड्यावर टाकी-गेज-स्विच, त्याला लागून रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की पाणी बाहेर सोडणारा) आणि खाली पाणी सोडायचा छोटा नळ, मग घराकडे जाणारा बॉल व्हॉल्व्ह, त्यानंतर फिल्टर. टाकीच्या तोंडाशी युनियन (आटे फिरवून सोडवता येणारा जोड) ठेवा. उद्या टाकी बदलायची वेळ आली की पाईप कापावा लागत नाही.

स्विच आणि टाकी यांच्यामध्ये काहीही येता कामा नये. व्हॉल्व्ह नको, फिल्टर नको, नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) नको, लांब पाईपसुद्धा नको. एका ठिकाणी वायर वाचवायला म्हणून स्विच विहिरीच्या कठड्यावर आणि टाकी ६० मीटर लांब घरामागे बसवली होती. मोटर लागली की अरुंद पाईपमध्ये पाणी तुंबून विहिरीशी दाब लगेच ५० वर जायचा, स्विच बंद. पाणी पुढे सरकलं की दाब पडायचा, स्विच चालू. टक-टक-टक, बेडकासारखं. टाकी २०० लिटरची होती, पण स्विचला ती दिसतच नव्हती. तुमची विहीर घरापासून लांब असेल तर टाकी आणि स्विच दोन्ही घराशी ठेवा आणि वायर तेवढी लांब ओढा.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बहुतेक सबमर्सिबल पंपांच्या डोक्यातच असतो. आजवर तुम्ही गच्चीवर पाणी चढवत होता, तेव्हा तो गळका असला तरी कळलं नसेल; टाकी वरून भरत असेल तर पाईपमधलं पाणी विहिरीत उतरलं काय, न उतरलं काय. प्रेशर टाकीला मात्र तो गळला की झालं, टाकीतलं पाणी विहिरीत परत आणि मोटर रात्री विनाकारण चालू. अशा वेळी लोक वर टाकीशी दुसरा नॉन-रिटर्न बसवून मोकळे होतात. मला ते आवडत नाही. खालचा गळत राहतो, दोन्हींमधल्या पाईपमध्ये पोकळी तयार होते, आणि मोटर लागली की ती पोकळी भरताना पाईपात धाडकन दणका बसतो. पंप वर काढायचं जिवावर येतं हे मान्य, पण खालचाच व्हॉल्व्ह नीट करा.

रिलीफ व्हॉल्व्ह ऐच्छिक समजू नका. स्विचचे पॉइंट चिकटले तर मोटर थांबणार नाही. ७० मीटर हेडचा पंप, पाणी विहिरीच्या तोंडाशी आलेलं, म्हणजे दाब १०० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. बऱ्याच टाक्यांची कमाल मर्यादा तिथेच कुठेतरी असते आणि घरातल्या प्लॅस्टिकच्या नळीची त्याआधीच. ३०/५० ला ७५ चा रिलीफ बसवा, तो पंपाचं सगळं पाणी बाहेर टाकू शकेल एवढ्या तोंडाचा घ्या, आणि त्याचं तोंड जमिनीकडे, दिसेल अशा जागी. ठिबकतो म्हणून त्याला बूच मारलेलं मी पाहिलं आहे. ठिबकतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो.

स्विचच्या टोपणाखाली दोन स्प्रिंग असतात. मोठ्या स्प्रिंगचं नट फिरवलं की चालू आणि बंद दोन्ही दाब एकत्र वर-खाली सरकतात. लहान नट फिरवलं की फक्त बंद होण्याचा दाब हलतो, म्हणजे दोन्हींमधलं अंतर बदलतं. आधी मोठ्याने चालू होण्याचा दाब लावून घ्या, मग गरज असेल तरच लहानाला हात लावा. अर्धा आटा फिरवा, नळ उघडून एक फेरा होऊ द्या, गेज बघा, पुन्हा अर्धा. लहान नट फार आवळलं तर बंद दाब पंपाच्या आवाक्याबाहेर जातो आणि मघाची रात्रभर चालणारी मोटर परत येते. टोपण उघडण्याआधी मेन बंद. आतले पॉइंट उघडे असतात. मोटरचा करंट स्विचवर लिहिलेल्या करंटपेक्षा जास्त असेल किंवा मोटर थ्री-फेज असेल तर स्विचवरून थेट मोटर चालवू नका, पॅनेलमधल्या कॉन्टॅक्टरची (मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची) कॉइल चालवा. आणि टोपण नीट बसवा. त्या उबदार डबीत मुंग्या शिरतात, पॉइंटच्या मध्ये चिरडतात आणि मोटर लागत नाही. पाण्याच्या कामाला जाऊन मी मुंग्या साफ करून आलोय असं किती वेळा झालं, मोजलेलं नाही.

विहीर कोरडी पडायची शक्यता असेल तर ड्राय-रन संरक्षण वेगळं हवं. पाणी नसलं की दाब चढत नाही, आणि दाब नाही म्हणून स्विच मोटर चालूच ठेवतो. त्या बिचाऱ्याला यापलीकडे समजत नाही.

टाकी सावलीत, कोरड्या आणि सपाट ओट्यावर ठेवा. ओटा पूर्ण भरलेल्या टाकीचं वजन पेलेल असा करा, कारण फुगा फाटला की १५० लिटरच्या टाकीत ५१ नाही, जवळपास १५० लिटर पाणी शिरतं.

फुगा फाटल्याची खूण साधी आहे. हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली आणि हवेऐवजी पाणी आलं की निकाल लागला. मोटर झटपट चालू-बंद होते पण पिनेतून पाणी येत नाही, तर बहुधा फक्त हवा कमी झाली आहे. रबरातून ती हळूहळू झिरपतेच. वर्षातून दोनदा रिकामी करून मोजा. आणि कुणीही नळ उघडला नसताना मोटर लागते तेव्हा टाकीपुढचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून गेजकडे अर्धा तास बघा. काटा स्थिर राहिला तर गळती घरात आहे, आणि दहातल्या आठ वेळा ती फ्लशच्या टाकीत सापडते. काटा उतरला तर दोष विहिरीकडे.

गच्चीवरची टाकी मात्र मोडू नका. वीज गेली की १५० च्या प्रेशर टाकीत फार तर ५१ लिटर, तेही मोटर नुकतीच बंद झाली असेल तर. प्रेशरच्या लाइनवरूनच फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की आपोआप बंद होणारा) लावून गच्चीवरची टाकी भरा आणि तिचा उतरता पाईप घराच्या लाइनला नॉन-रिटर्न लावून जोडा, बाण घराकडे. दाब असेपर्यंत तो नॉन-रिटर्न बंद राहील. वीज जाऊन दाब पडला की वरचं पाणी आपोआप उतरेल. कोणी व्हॉल्व्ह फिरवायला धावायला नको. वेग बदलणारा ड्राइव्ह लावून एकच दाब कायम ठेवणारे पंपही मिळतात. त्यांना छोटी टाकी पुरते आणि हवा ठरवलेल्या दाबाच्या साधारण ७० टक्के भरतात. तुमचा पंप चांगला चालू आहे, तो बदलायचं कारण मला दिसत नाही.

राहिली गोठ्यामागची जुनी टाकी. तिच्यात फुगा नसेल तर पाणी आणि हवा एकमेकांना थेट भिडतात, हवा पाण्यात विरघळत जाते आणि काही आठवड्यांनी टाकी पाण्याने गच्च भरते. मग मोटर बंद करून सगळं पाणी सोडायचं, हवा आत घ्यायची, पुन्हा सुरू करायचं, आणि हे नेमाने करत राहायचं. वरून हवा भरली नाही तर अशी टाकी ३०/५० वर जेमतेम १० टक्के देते. २०० लिटरची असेल तर २० लिटर, म्हणजे फुग्याच्या ७० लिटरच्या टाकीइतकंच काम. तिच्यावर कमाल दाबाची पाटी वाचता येते का, बघा. पाटी नसेल आणि शिवणीला गंज असेल तर तिच्यात दाब भरू नका. वरचा पत्रा कापून, कड बोथट करून गुरांना पाणी प्यायला ठेवा.